लिंबाला टांगलेलं इंजिन

गाडी खोलायला फारसं शहाणपण लागत नाही. हातात पाना, डोक्यात थोडा राग आणि मोकळी दुपार एवढ्यावर बोल्ट सुटत जातात. जो सुटत नाही त्याला रॉकेल पाजायचं, रात्रभर भिजत ठेवायचं. तरी ऐकला नाही तर छिन्नी आहेच. परीक्षा सुरू होते ती बसवताना. दुरुस्तीच्या पुस्तकांत इंजिन उतरवण्याची कृती आकृत्यांसकट पानंच्या पानं दिलेली असते, आणि बसवण्याच्या मथळ्याखाली बहुधा एकच ओळ: उतरवताना केलं त्याच्या उलट क्रमानं करा. ही ओळ लिहिणाऱ्यानं उभ्या जन्मात एकदा तरी इंजिन बसवलं असेल का, याची मला शंका आहे. खुर्चीवरून उठणं आणि अंधारात खुर्ची शोधून तिच्यावर बसणं या फक्त एकमेकींच्या उलट क्रिया आहेत, असं म्हणण्यापैकीच हे.

आमची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. घरात मात्र तिला कुणी कधी पद्मिनी म्हटलं नाही, ती फियाटच. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती उदगीरच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली, तेव्हा लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. १९८२च्या ऑगस्टपर्यंत आम्ही सगळे उस्मानाबाद जिल्ह्यातले. मूळ गाडी इटलीची, फियाट ११००, तिकडे १९५३ साली आलेली. आपल्याकडे ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनू लागली, आणि प्रीमियर कंपनी १९४४ मध्ये काढली वालचंद हिराचंद यांनी. वालचंद जन्मले सोलापुरात. विमानांचा, जहाजांचा आणि मोटारींचा असे तीन कारखाने काढणारा माणूस आपल्या जवळच्याच जिल्ह्यातला होता, हे अण्णा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहा येण्याच्या आत सांगतात. १९७४ पासून या गाडीचं नाव पद्मिनी झालं, शतक संपता संपता ती बनायची थांबली, आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून बाद झाली. मुंबईकरांनी तेव्हा हळहळून लिहिलं, फोटो काढले. आमच्याकडच्या फियाटींवर कुणी लिहिलं नाही, कारण त्या अशा एका तारखेला गेल्याच नाहीत. एकेक करून गोठ्याच्या कडेला जाऊन बसल्या आणि त्यांच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या.

आमची त्या वाटेला लागायच्या बेतात होती. कारण पाणी.

लातुरात बोअर पाचशे-सहाशे फूट खाली गेल्याशिवाय पाण्याचं नाव घेत नाही, आणि काळ्या खडकातून इतक्या खोलवरून वर येणारं पाणी सोबत खडकाचाही अंश आणतं. आमच्या बंबाच्या आतल्या नळीवर पांढरा, खरखरीत थर जमतो. पाणी तापलं की त्यात विरघळलेला चुना बाहेर पडतो आणि जिथं गरम पृष्ठभाग सापडेल तिथं चिकटतो. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये सिलिंडरांभोवती पाण्याचे कप्पे असतात; त्यांच्या भिंतीही गरमच. गावातल्या सगळ्या गाड्यांच्या रेडिएटरमध्ये बोअरचंच पाणी पडतं, दुसरं आणायचं कुठून? वर्षानुवर्षं थरावर थर बसतो. लोखंडातून उष्णता जितक्या चटकन जाते तितकी त्या थरातून जात नाही. काटा लाल रेघेकडे सरकतो, आपण बोनेट उघडून पाणी ओततो, म्हणजे आणखी चुना ओततो. पंपापासून सगळ्यात लांबचा चौथा सिलिंडर. आमचा तोच आधी गेला: पिस्टनवर ओरखडे, हेडच्या पॅकिंगला तिसऱ्या-चौथ्याच्या मधे भोक, आणि सायलेन्सरमधून निळा धूर. गिअरबॉक्स त्याआधीपासूनच आजारी होता. दुसरा गिअर टाकला की हात लिव्हरवरच ठेवावा लागे, नाहीतर तो चढावर बाहेर उडी मारायचा.

हे सगळं २०१६च्या उन्हाळ्यावर आलं. त्या वर्षी मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. दहा टँकर, साधारण पाच लाख लिटर. ‘जलदूत’ नाव होतं तिचं. देशभरच्या कॅमेऱ्यांनी त्या डब्यांची चित्रं काढली. आमच्या गल्लीत तेव्हा नळाला पाणी येण्याची बोलणी दिवसांत नव्हे, आठवड्यांत चालायची. अशा दिवसांत कुणी इंजिन खोलायला काढावं का, हा आईचा प्रश्न होता. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं उत्तर असं, की पाण्यानं बिघडलेलं यंत्र दुष्काळातच उघडावं. निदान आत काय साठलंय ते नीट दिसतं.

काम घरीच करायचं हेही त्यांनीच ठरवलं. नव्या गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरला फियाट दाखवली तर तिथला पोरगा आधी मोबाइलवर तिचा फोटो काढतो. गल्लीबोळातले मिस्त्री काम करतात, पण सुट्या भागांची वाट पाहत महिना-महिना उघडी गाडी ठेवायला त्यांच्याकडे जागा नसते. आणि अण्णांना सगळं डोळ्यांदेखत हवं होतं. तसा त्यांचा स्वभावच आहे. घराची वीट न् वीट त्यांनी मोजून घेतली होती.

मी नोकरीला नांदेडला, घर लातूरला. त्यामुळे ब्लॉक बोअरिंगला नेण्याचं काम माझ्याकडे आलं. चाकूर, अहमदपूर, लोहा या रस्त्यानं मी एरवी लाल डब्यातून जाते. त्या दिवशी हरभऱ्याची पोती घेऊन निघालेल्या ओळखीच्या टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसले, मागे पोत्यांवर गोणपाटात गुंडाळलेला ब्लॉक. लातुरात बोअरिंग होत नाही असं नाही. डाळमिलच्या शाफ्टांवर हात बसलेले असे टर्नर आमच्याकडे आहेत, की त्यांनी ठरवलं तर ते विमानाचाही भाग बनवतील. पण अण्णा विष्णुपुरीच्या प्रकल्पावर होते तेव्हापासून त्यांचा विश्वास नांदेडच्या एका म्हाताऱ्या सरदारजींवर.

नांदेड म्हणजे सचखंड गुरुद्वारा, हे सगळ्यांना माहीत असतं. गुरू गोविंदसिंग इथं १७०८ मध्ये ज्योती ज्योत समावले आणि १८३०च्या दशकात महाराजा रणजितसिंगांनी तिथं आजची वास्तू उभी करवली. त्या काळी आलेल्यांतली कितीतरी कुटुंबं इथंच राहिली. त्यांच्या आजच्या पिढ्या मराठी आणि दखनी अशा सहजतेनं बोलतात, की पंजाबहून आलेल्या यात्रेकरूनं बावरून बघावं. त्यांच्यातले पुष्कळ जण ट्रकच्या धंद्यात शिरले, आणि ट्रकच्या मागोमाग लेथ, वेल्डिंग, बोअरिंग सगळं आलंच.

सरदारजींनी ब्लॉक टेबलावर घेतला, गेज काढायच्या आधी तर्जनी सिलिंडरच्या वरच्या काठावरून फिरवली आणि मला म्हणाले, “बघा ताई, पायरी.” मी बोट घातलं. तोंडापासून थोडं खाली एक बारीक कड लागली. पिस्टनची रिंग अगदी वरपर्यंत जात नाही, त्यामुळे तेवढी पट्टी मूळच्या मापाची राहते आणि तिच्याखाली सिलिंडर झिजत जातो. सगळ्यात जास्त वरच्या भागात, जिथं भडका उडतो तिथं. झिजतोही गोल नाही, पिस्टन ज्या बाजूला रेटतो त्या बाजूला जास्त. मूळ माप ६८ मिलिमीटर व्यास आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक. अशा चार नळ्यांचा हिशेब केला की १०८९ सीसी निघतात. अण्णांनी तो मला शाळेत असताना कागदावर करायला लावला होता, वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवण्यासाठी. आता चारही नळ्या चाळीस शतांश मिलिमीटरनं मोठ्या होणार होत्या. म्हणजे आमची गाडी आरसी बुकात लिहिलीय त्याहून किंचित मोठ्या इंजिनाची होणार, आणि आरटीओला त्याचा पत्ता लागणार नाही. त्यांना फक्त ब्लॉकवर ठोकलेल्या नंबराशी मतलब. सरदारजींनी त्या नंबरावर ग्रीसचं बोट ओढलं आणि पोराला बजावलं, की बाकी सगळं घास, हे तेवढं घासू नको.

आधी ब्लॉक कॉस्टिकमध्ये उकळून तेलकटपणा काढला, मग सौम्य अ‍ॅसिडनं आतला चुना. बाजूची पत्र्याची गोल झाकणं ठोकून काढल्यावर तारेनं खरवडून जे बाहेर पडलं ते त्यांनी वर्तमानपत्रावर मांडून ठेवलं होतं, अण्णांना दाखवायला. खपल्याच्या खपल्या. लातूरचा खडक, आमच्या गाडीतून फिरून नांदेडला पोचलेला.

“संध्याकाळ होईल. जा, लंगरला जेवून या,” असं सरदारजी म्हणाले, आणि मी गेले. परत आले तेव्हा होनिंग चाललं होतं. मला वाटत होतं की बोअर केलेला सिलिंडर आरशासारखा लख्ख करतात. तसं केलं तर तो बिघडतो. होनिंगच्या दगडांनी भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा मुद्दाम पाडतात. त्या रेघांत तेल धरून राहतं, आणि नव्या रिंगा त्या खरखरीवर घासून घासून सिलिंडरशी जुळतात. अगदी गुळगुळीत भिंतीवर रिंगा घसरत राहतात, जुळत नाहीत. मग इंजिन तेल खातं आणि लोक मिस्त्रीला शिव्या देतात. ही रेघांची गोष्ट मला त्या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडलेली.

इंजिन पुन्हा बांधलं ते आमच्या ओसरीवर. बांधणारे चाचा, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. त्यांचे वडीलही याच धंद्यातले, निजामाच्या काळातले. हैदराबाद संस्थानानं १९३२ मध्ये रेल्वे खात्याच्याच हाताखाली सरकारी बससेवा काढली, सत्तावीस गाड्यांनिशी. खाजगी मोटारवाले सोडले तर मराठवाड्यात मोटार पहिल्यांदा कुणी नियमानं, वेळापत्रकानं आणि वर्कशॉपसकट चालवली असेल तर ती या बससेवेनं. आपल्याकडची मिस्त्री मंडळी आकाशातून पडली नाहीत. बस आल्या, त्यांच्याभोवती हात तयार झाले, आणि त्या हातांनी पुढे पोरांना तयार केलं. चाचांनी क्रँक बसवला, बेअरिंगच्या टोप्या कसल्या आणि प्रत्येक टोपीनंतर क्रँक एका हातानं फिरवून पाहिला. फिरला तरच पुढची टोपी. दुसरीनंतर जर अडकला, तर दोष दुसरीत आहे हे कळावं म्हणून. त्यांनी हे सांगितलं नाही, फक्त केलं, मी विचारल्यावर म्हणाले, “सगळ्या एकदम कसल्या तर कोण चोर ते कसं कळणार?”

मग प्रश्न आला टांगण्याचा.

इंजिन शंभर किलोच्या पुढचं. गॅरेजात त्यासाठी लोखंडी घोडा असतो, चाकांवर फिरणारा. आमच्या पोर्चच्या स्लॅबला कडी ठोकून काम झालं असतं, असं शेजारच्या पोरानं सुचवलं. अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्पच झाला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा अण्णा नोकरीत होते. पुढचे कित्येक दिवस ते औसा-किल्लारीच्या गावांतून मातीत गेलेल्या माळवदांची मोजणी करत हिंडले. परत आल्यापासून त्यांनी घरातल्या कुठल्याही छताला जड असं काही टांगू दिलेलं नाही. माझ्या लेकीचा पाळणासुद्धा स्टँडचा होता. स्लॅबपेक्षा अंगणातल्या कडुलिंबावर त्यांचा भरवसा जास्त. ते म्हणतात, लिंब हलतो म्हणून पडत नाही. यात शास्त्र किती हे मी विचारलेलं नाही.

लिंबाची जाड, आडवी फांदी चाचांनी चढून जाऊन ठोकून पाहिली. सालीला काच पडू नये म्हणून तिच्यावर पोत्यांच्या घड्या, त्यावरून साखळी, साखळीला चेन कुप्पी. ही कुप्पी मिळवणं हेच त्या उन्हाळ्यात मोठं कर्म होतं. लातुरात चेन कुप्पीचा मुख्य उपयोग गाड्यांसाठी नसतोच. बोअरमधली मोटार वर काढायला ती लागते. त्या महिन्यांत गावभर लोक मोटारी वर काढत होते, पाइप जोडत होते आणि आणखी खाली सोडत होते. कुप्पीवाल्यानं अण्णांना शेवटी ऐन दुपारची वेळ दिली, भर उन्हातली. त्या वेळेला दुसरं कुणी काम करत नाही म्हणून.

कुप्पीची गंमत अशी, की हातानं साखळी हातभर ओढली तर वजन जेमतेम बोटभर वर येतं. पण येतं, आणि साखळी सोडली तरी तिथंच राहतं. शेजारचा पोरगा ओढत होता, इंजिन इतक्या सावकाश वर चाललं होतं की ते हललं की नाही हे बघायला आई स्वयंपाकघरातून दोनदा येऊन गेली. पुढचा घोटाळा माझ्या लक्षातच आला नव्हता. फांदी काही सरकत नाही. इंजिन हवेत जिथं आहे तिथंच राहणार. तेव्हा बोनेट आणि रेडिएटर काढलेली गाडी आम्ही ढकलत त्याच्याखाली नेली. इंजिन गाडीत बसवलं असं आपण म्हणतो. आमच्या अंगणात गाडी इंजिनात बसली.

खाली घेताना चाचांनी सगळ्यांना बोलायची बंदी केली. एक हात ब्लॉकवर, दुसरा हवेत. त्या हवेतल्या हाताची बोटं हलली की पोरगा साखळी सोडायचा. फाउंडेशनचे रबरी गुटके आणि ब्रॅकेटची भोकं समोरासमोर आली की बोल्ट घालायचा, पण घट्ट करायचा नाही. हे फार महत्त्वाचं. पहिला बोल्ट आवळला की इंजिनाला हलायला जागा राहत नाही आणि दुसऱ्याचं भोक कायमचं अर्ध्यावर दिसत राहतं. सगळे सैल, मग सगळे थोडे थोडे. उतरवताना असं काही नव्हतंच: कुठलाही बोल्ट कधीही पूर्ण काढला तरी चालत होता.

गिअरबॉक्स मात्र खालून. पुढची बाजू लाकडी ठोकळ्यांवर चढवली, खाली गोणपाट अंथरलं. चाचांच्या पाठीला ते जमण्यासारखं नव्हतं, पोरगा पहिलवान पण घाईचा, म्हणून गाडीखाली मी गेले. चाचा बाजूला उकिडवे बसले, वाकून बघत. गिअरबॉक्स इंजिनाच्या मानानं हलका, पण छातीवर घेतला की तसा वाटत नाही.

त्याच्या तोंडातून पुढे निघालेला जो दांडा असतो, त्याला तीन ठिकाणी एका दमात शिरायचं असतं: आधी रिलीज बेअरिंगमधून, मग क्लचप्लेटच्या मधल्या खाचांतून, आणि शेवटी क्रँकच्या टोकातल्या छोट्याशा पायलट बुशमध्ये. तिन्ही एका रेषेत असले तरच. क्लचप्लेट मधोमध बसवण्यासाठी चाचांकडे बाभळीचा एक दांडका होता, डाळमिलच्या टर्नरनं कधीतरी लेथवर करून दिलेला. प्रेशर प्लेट आवळेपर्यंत तो त्या भोकात धरायचा आणि मग काढायचा. ते सगळं नीट झालं होतं. तरीही गिअरबॉक्स बोटभर अंतर ठेवून अडला. इंजिनाची मागची बाजू आणि गिअरबॉक्सचा घेर यांच्यामधे फट, फटीतून लिंबाची पानं दिसताहेत.

इथं माणसाला मोह होतो. लांब बोल्ट घालावेत आणि पान्यानं आवळत आवळत फट मिटवावी. पाना हातात आहे, आटे आहेत, जोर आहे. पोरगा तेच म्हणाला. चाचा एवढंच बोलले, “नक्को. जोर से आया तो रोता हुआ आएगा.” बोल्टनं ओढला तर क्लचप्लेटचा मधला भाग वाकतो, किंवा घेराचा अ‍ॅल्युमिनियमचा कान तुटतो, आणि तो कान लातूर-नांदेडात कुठल्याही दुकानात मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे काहीच तुटत नाही, गाडी चालू होते, आणि महिन्याभरानं क्लच थरथरू लागतो. मग पुन्हा सगळं उतरवा.

“वजन तुझ्यावर घे, दांड्यावर नको,” ते म्हणाले. म्हणजे गिअरबॉक्सनं त्या दांड्यावर लटकायचं नाही. मी त्याला असा धरायचा की तो जणू हवेत आहे. मागचं टोक किंचित वर. किंचित खाली. मग त्यांनी गिअर टाकायला सांगितला, म्हणजे मागचं टोक हातानं फिरवलं की पुढचा दांडाही फिरेल, आणि खाचा खाचांना सापडतील. मी फिरवलं. वरून अण्णांनी हँडल लावून क्रँक जरासा हलवला. “थांबा,” मी. “हं,” अण्णा. “आता?” “थोडं.” आमच्या घरात एवढं कमी बोलून एवढा वेळ कुणी एकत्र काम केल्याचं मला आठवत नाही. हात थरथरायला लागले, घाम डोळ्यांत गेला, आणि मी जोर सोडला म्हणून की काय, तो सरकला. ओढला नाही, ढकलला नाही. टक् असा जाड आवाज आला आणि फट मिटली, पानं दिसायची बंद झाली. पुस्तकातल्या त्या एका ओळीत हे कुठं होतं? उतरवताना हाच गिअरबॉक्स पोरानं टॉमी घालून दोन हिसक्यांत मागे खेचला होता.

मला तेव्हापासून वाटतं, की बसवण्याचं ज्ञान पुस्तकात न येण्याचं कारण लिहिणाऱ्याचा आळस नसावा. कुठला बोल्ट कुठं जातो हे लिहिता येतं. तो आत जायला तयार आहे की नाही हे मनगटाला कळतं, आणि मनगटाचं मनगटाकडेच जातं. मधे कागद टिकत नाही. चाचांना मी हे सांगितलं असतं तर त्यांनी मला आधी क्रॉस जॉइंटला ग्रीस भरायला लावलं असतं. न सांगताही तेच झालं.

बाकीचं काम किरकोळ पण किचकट. प्रोपेलर शाफ्ट, सायलेन्सरचा पाइप, स्टार्टर, डायनॅमो, कार्ब्युरेटर, नळ्या, वायरी. यातली एक गोष्ट सांगायलाच हवी. इंजिन रबराच्या गुटक्यांवर बसतं, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनापासून बॉडीपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी लावतात. ती विसरली तर स्टार्टर मारल्यावर बॅटरीचा सगळा करंट परतीची दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट म्हणजे बहुतेक वेळा ॲक्सिलरेटरची किंवा चोकची केबल. केबल लाल होते, धूर निघतो, आणि मालक वायरिंगवाल्याला बोलावतो. चाचांनी दुसरं काहीही जोडायच्या आधी ती पट्टी लावली. शेवटी दोन वॉशर आणि एक बोल्ट उरले. अण्णा अस्वस्थ झाले. चाचांनी तो बोल्ट उन्हात धरून बघितला, म्हणाले, “साब, ये कंपनी का ज्यादा था,” आणि खिशात टाकला.

चालू करण्याआधी प्लग काढून हँडलनं इंजिन फिरवत राहिलो, तेल सगळीकडे चढावं म्हणून. मग पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर मी अंगठा दाबून धरला. पिस्टन वर येताना एकदा दाब लागतो, एकदा लागत नाही. ज्या खेपेला अंगठा उडवतो ती खेप धरून डिस्ट्रिब्युटर लावायचा, नाहीतर ठिणगी चुकीच्या फेरीला पडते. अंगठा असा उडाला की मी हसलेच. नव्या रिंगा. १-३-४-२, असं पुटपुटत अण्णांनी वायरी लावल्या.

आणि पाणी. बोअरचं पाणी घालायचं नाही यावर आता कुणाचं दुमत नव्हतं. अण्णांनी बॅटरीच्या पाण्याचे कॅन आणले, शुद्ध, चुन्याचा मागमूस नसलेलं, कूलंट मिसळून. रेडिएटरमध्ये ते ओतत असताना आई पायरीवर उभी होती. पिण्याचं पाणी जारनं विकत, भांड्यांचं टँकरचं, धुण्याचं त्याच टँकरचं दुसऱ्यांदा वापरलेलं. “गाडीचा थाट बघा,” ती म्हणाली. “पुढच्या जन्मी फियाटच व्हावं.” अण्णांनी एक थेंब सांडू दिला नाही.

स्टार्टर मारला, दोनदा खोकली, तिसऱ्यांदा धरली. सायलेन्सरवरच्या तेलाचा धूर अंगणभर झाला आणि गल्लीतली पोरं जमली. चाचांनी डोकं एका बाजूला कलतं करून ऐकलं, कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा वळसा फिरवला, बंद करायला लावलं. पूर्ण थंड झाल्यावर हेडचे बोल्ट मधून बाहेर, क्रमानं, पुन्हा एकदा कसायचे. आणि पाचशे किलोमीटर होईपर्यंत पन्नासच्या वर जायचं नाही, मग तेल बदलायचं.

म्हणून पहिली लांबची फेरी नांदेडचीच झाली. मला सोडायला म्हणून अण्णा निघाले, पण खरं म्हणजे सरदारजींना दाखवायला. पन्नासच्या आत, अख्खा रस्ता. अहमदपूरच्या पुढे कडब्याची ट्रॉली लावलेल्या ट्रॅक्टरनं आम्हाला मागे टाकलं आणि ट्रॉलीवरच्या बायांनी हात हलवले. अण्णांची नजर तापमानाच्या काट्यावर, काटा मधल्या रेघेच्या खाली, आणि ते दर पाच मिनिटांनी मला तो दाखवत होते. लोह्याला चहा. दुसरा गिअर जागचा हलला नाही.

दुकानासमोर गाडी उभी केली तेव्हा सरदारजी बाहेर आले, बोनेट उघडायलाही न सांगता फेंडरवर हात ठेवून उभे राहिले. अण्णा कौतुकाची वाट पाहत होते. “दुसऱ्या नंबरचा टॅपेट टाइट आहे,” ते म्हणाले. अण्णांनी तो फिलर गेज लावून स्वतः सेट केला होता, दोनदा. ते म्हणाले, शक्यच नाही. सरदारजी म्हणाले, गरम असताना लावला की थंड असताना? अण्णा म्हणाले, थंडच असताना, मी काय नवशिका आहे का? सरदारजींनी पोराला हाक मारून टॅपेटचं झाकण खोलायला सांगितलं, आणि अण्णांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.